वहिनीने एकोणतीस वर्षांनी माहेरची गौर पाहिली

2024 साली गौरीपूजन 11 सप्टेंबरला, बुधवारी होतं. रात्री साडेदहाला शेवटच्या सवाष्णी हळदीकुंकू घेऊन गेल्या आणि वहिनी ओट्याला पाठ टेकून स्वयंपाकघरात फरशीवर बसली. मी शेजारी बसले आणि दिवसभरात काढलेले फोटो तिला मोबाइलवर दाखवू लागले. एका फोटोवर तिने बोट ठेवलं, तो मोठा केला आणि विचारलं, "ताई, धाकटीला यंदा ठुशी घातली होती का?"

ठुशी तिनेच सकाळी कपाटातून काढून आईच्या हातात दिली होती. गौरी माजघरात, ती स्वयंपाकघरात. मध्ये दहा पावलांचं अंतर. मी तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा ती म्हणाली, "नेसवताना बघते तेवढंच. तेही निऱ्या सरळ आल्यात का एवढंच. पूजेच्या दिवशी मी गौरी फोटोतच बघते हो."

त्या दिवशी दुपारी मी तव्यावरची गरम पुरणपोळी तीन वेळा मागून घेतली होती. मी नणंद, माहेरवाशीण. गौरीच्या दिवसांत माहेरी येऊन बसायचं आणि लाड करून घ्यायचे, हा माझा हक्क मी कधी तपासून पाहिलाच नव्हता. मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात गृहव्यवस्थापन शिकवते. घरकामाच्या वेळेची नोंद कशी ठेवायची, काम सोपं कसं करायचं, हे बावीस वर्षं मुलींना फळ्यावर लिहून देते. आणि माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला त्या रात्री दिसलं. पुढच्या वर्षभरात त्या घरात काय बदललं, काय बदललं नाही आणि आमचं कुठे चुकलं, हे इथे मांडते आहे. वहिनीने हा मजकूर आधी वाचला आहे आणि दोन ठिकाणी तो दुरुस्तही केला आहे. नावं लिहीत नाही.

घर आणि माणसं

घर वाईचं, कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर. घरात आई (आता 78), दादा (57), वहिनी (54) आणि चोवीस वर्षांचा पुतण्या. दादा शाळेत लिपिक, वहिनी पतसंस्थेत रोखपाल. लग्न 1996 चं. घरात मुखवट्याच्या उभ्या गौरी: ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळी मुखवटे, पत्र्याच्या कोठ्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, कारण गौर प्रवासाने दमून आलेली असते. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि सोळा भाज्या. तिसऱ्या दिवशी शेवयांची खीर, सोळा पदरी सुताचे दोरे आणि निरोप. गणपती आमचा गौरींबरोबरच जातो.

दमून आलेल्या गौरीला पहिल्या दिवशी साधं जेवण द्यायचं, ही कल्पना मला लहानपणापासून फार गोड वाटत आलेली आहे. एवढी माया असलेल्या सणात, तिला आत घेणारी बाई मात्र चार दिवस आधीपासून दमलेली असते.

वहिनीचा त्या दिवसांतला क्रम असा: पहाटे चारला उठून आंघोळ, सोवळ्यात पुरण शिजायला टाकायचं, दुपारी दीडपर्यंत नैवेद्य, मग पंचवीस-तीस माणसांच्या पंगती, पाचपासून हळदीकुंकू, प्रत्येकीला फराळाची बशी. पतसंस्थेतून दोन दिवस रजा मिळायची, तीही पूजनाच्या आणि विसर्जनाच्या दिवसाची. आवाहनाच्या दिवशी दुपारपर्यंत काउंटरवर बसून ती घरी येई आणि तासाभरात दोन्ही गौरी उभ्या करी.

एक गोष्ट तिने मला याच वर्षी सांगितली. लग्नानंतरची बरीच वर्षं ती गौरीच्या आधी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेत असे. औषधाच्या दुकानातून कोणालातरी आणायला सांगायची, डॉक्टरांना कधी विचारलं नाही. घरात तिच्याशिवाय सोवळ्यात उभं राहणारं कोणी नव्हतं, आणि "अडचण आली" असं आईला सांगायची तिला भीती वाटायची. या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास आधी झालेल्या बाईला त्या धोक्याच्या ठरू शकतात. तपासल्याशिवाय कोणीच घेऊ नयेत. आईला हे माहीत नव्हतं. ऐकलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर एखाद्या वर्षी नैवेद्य मी केला असता." वहिनी म्हणाली, "तुम्ही केला असतात. पण मला सांगता आलं नसतं." दोघींचंही खरं होतं.

यादी

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी वाईला गेले ते पतसंस्थेची एक जुनी कोरी डायरी मागूनच. वहिनीला म्हटलं, गौरींचं जे जे काम डोक्यात येईल ते बोल, मी लिहिते. लहानमोठं काही गाळायचं नाही. पहिल्या संध्याकाळी साठ ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी ती पतसंस्थेतून येताना हातावर पेनाने आणखी काही लिहून घेऊन आली. शेवटी यादी एकशे चौदा ओळींवर थांबली.

माळ्यावरून कोठ्या उतरवणं, मुखवट्यांना चिंच लावून उजळवणं, साड्यांना इस्त्री, चकलीची भाजणी, अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालणं, हे हातांचं काम आम्हाला सगळ्यांना दिसतच होतं. पण यादीच्या दुसऱ्या भागात वेगळंच काही आलं. दूधवाल्याला दोन लिटर जास्त सांगायचं. कोणत्या काकूंना साखर चालत नाही. गेल्या वर्षी कोणाची ओटी राहिली होती. कोणत्या घरी यंदा सुतक आहे. केवड्याचं पान मिळालं नाही तर कोणाकडे असतं. खणांचा रंग गेल्या वर्षीचाच आला नाही ना. नवसाचा नारळ.

मी प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने आखले: आठवतं कोणाला, सांगतं कोण, करतं कोण. पहिल्या दोन रकान्यांत जवळपास सगळीकडे वहिनीचंच नाव आलं. तिसऱ्यात दादाचं नाव बऱ्याच ठिकाणी होतं आणि ते पाहून त्याला बरं वाटलं. तो खरोखर कामसू आहे. बाजारातून सामान आणतो, खुर्च्या लावतो, पाण्याचे पिंप भरतो. पण त्याच्या प्रत्येक कामाच्या आधी एक वाक्य असतं: "काय आणू ते सांग." ते सांगण्यासाठी वहिनीला हातातलं पुरण सोडून फडताळ उघडून बघावं लागतं, काय संपलंय ते आठवावं लागतं, चिठ्ठी लिहावी लागते, आणि पिशवी आल्यावर काय राहिलं तेही बघावं लागतं. तो रकाना दादाने स्वतः बोट फिरवत वाचला. "म्हणजे मी हमाल," तो म्हणाला. वहिनी पटकन म्हणाली, "तसं नाही हो." मी मध्ये पडले नाही. तसंच होतं, आणि ते त्याच्याच तोंडून आलं हे चांगलं झालं.

हे एका घरापुरतं नाही, हे मला माझ्या विषयामुळे माहीत होतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. आणि मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बाया होत्या शंभरात 81, पुरुष 26. हे साध्या दिवसांचं. सणाचे दिवस त्यावर. आणि आठवण्या-सांगण्याचं काम मिनिटांत मोजणं अवघडच: वहिनी ते पतसंस्थेत नोटा मोजतानाही करत असते.

कुळाचार किती आणि हौस किती

यादी बनली म्हणून ओझं उतरलं नाही. उलट दिवाळीत ती बघून वहिनी जास्तच दमल्यासारखी दिसली. पुढचं पाऊल मे महिन्यात पडलं, आणि ते आईमुळे पडलं.

मी आईला विचारलं, "या एकशे चौदातलं देवीचं कोणतं?" आई आधी चिडली. "सगळंच देवीचं. आता तिच्या नैवेद्यात काटछाट करायची का?" तिचा राग मी समजू शकते. तिने स्वतः तीस वर्षं हे सगळं उभ्याने केलं होतं. त्यातलं काही गरजेचं नव्हतं असं म्हणणं म्हणजे तिचे कष्ट पुसणं. मी विषय सोडला. दोन दिवसांनी दुपारी ती अंगणात गहू निवडत बसली असताना तिनेच काढला.

"बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे पुरण नव्हतं," ती म्हणाली. "रेशनवर मिलो मिळायचा, तांबडी ज्वारी. डाळ हाताला लागायची नाही. सासूबाईंनी मिलोची भाकरी केली, परसातल्या घेवड्याची भाजी आणि गुळाचा खडा. तोच नैवेद्य. गौर रुसली नाही. पुढच्या वर्षी आली." मग गहू निवडता निवडता तिने आठवून आठवून सांगितलं: तिच्या सासूबाईंच्या वेळी सोळा भाज्या म्हणजे एकाच भाजीत घातलेली पानं-शेंगा, मिळतील तेवढ्या. पाच प्रकारचे लाडू तिने स्वतः सुरू केले, दादा नोकरीला लागला त्या वर्षी. हळदीकुंकवाच्या फराळाच्या बशा आमच्या एका चुलतीच्या घरी बघून आल्या. विजेच्या माळांची आरास पुतण्याच्या जन्मानंतरची. पंगत वाढली ती माझ्या लग्नानंतर, कारण माझ्या सासरची माणसं जेवायला बोलवायला लागली. हे शेवटचं तिने माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी डायरीत दोन नवे रकाने केले: कुळाचार आणि हौस. कुळाचारात सतरा ओळी गेल्या. बाकी सत्त्याण्णव हौस.

हौस हा शब्द मला प्रिय आहे आणि तिची निंदा मला करायची नाही. हौसेशिवाय सण म्हणजे नुसता विधी. पण हौस सगळ्यांची आणि हात एकीचे, असं झालं की हौसेचं कर्तव्य होतं, आणि पुढच्या पिढीला ते कुळाचार म्हणूनच सोपवलं जातं. लाडवांचे पाच प्रकार आईची हौस होती. वहिनीपर्यंत येताना तो नियम झाला होता. म्हणून आम्ही प्रत्येक हौसेपुढे ती मुळात कोणाची ते लिहिलं आणि आईच म्हणाली, "ज्याची त्याने करावी."

सोवळ्याचा प्रश्न उरला. नैवेद्य सोवळ्यात, म्हणून नैवेद्य बाईनेच, असं घरात धरलेलं होतं. पुतण्या म्हणाला, "आजी, लग्नात आचारी सोवळं नेसून स्वयंपाक करतात ते पुरुषच असतात ना?" आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पहाटे आंघोळ करशील का?" एवढ्यावर तो मुद्दा मिटला. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

आमची चूक

आता चुकीबद्दल. जून महिन्यात मी, दादा आणि पुतण्या मिळून वहिनीचं ओझं कमी करण्याचा बेत आखला आणि सगळ्यात वेळखाऊ काम पहिलं काढून घेतलं: गौरी नेसवणं. पुतण्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून निऱ्या घालायचा सरावही सुरू केला. वहिनीला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. रात्री जेवताना गप्प होती. मला वाटलं, संकोच वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, वर्षातून एकदा मी कोणालातरी नटवते. मला मुलगी नाही. ते तेवढं राहू द्या."

मी गृहव्यवस्थापन शिकवते आणि मी तिला विचारलं नव्हतं. कामाला किती वेळ लागतो ते मी मोजलं, पण ते काम तिला काय देतं हे मोजलं नाही. नेसवण्याचा तिला कधीच त्रास नव्हता. त्रास होता तो तासाभरात, काउंटरवरून धावत येऊन नेसवण्याचा. तिच्या बाबतीत आनंदाची जागा बाहेर कुठे शोधायची नव्हती. ती सणातच होती, फक्त तिच्याभोवती इतकं काम रचलेलं होतं की तिथपर्यंत पोचता येत नव्हतं.

म्हणून आम्ही पुन्हा बसलो आणि या वेळी यादी वहिनीच्या हातात दिली. तुला काय ठेवायचंय त्यावर खूण कर. तिने चार ठिकाणी कुंकवाच्या करंड्यातलं बोट टेकवलं: गौरी नेसवणं, पावलांची रांगोळी, सोळा पदरी दोरे करणं आणि रात्रीचा जागर. जागरावर तिने खूण केली तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण आमच्याकडे तो बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. पूर्वी गौरीपूजनाच्या रात्री गल्लीतल्या बाया माजघरात झिम्मा-फुगडी खेळत, पहाटेपर्यंत. नंतर बशा धुण्यातच बारा वाजायला लागले.

यावर मला थोडं थांबून बोलायचं आहे. आपल्या सणवारांत बायांच्या आनंदाच्या जागा मुळातच होत्या. नागपंचमीचा झोका, मंगळागौरीची रात्र, भोंडल्याची खिरापत ओळखणं, गौरीचा जागर. त्या कोणी मेहेरबानी म्हणून दिलेल्या नव्हत्या, विधीचाच भाग होत्या. कितीतरी घरांत आता मंगळागौरीचे खेळ पैसे देऊन बोलावलेल्या मंडळाकडून होतात आणि घरची बाई तेव्हा आत ताटं वाढत असते. खेळ बाहेर गेला, स्वयंपाक घरातच राहिला. वहिनीने जागरावर ठेवलेलं बोट मला म्हणून फार मोलाचं वाटलं.

आणि मग, डायरी मिटता मिटता, ती म्हणाली, "एक अजून आहे. पण ते होणारं नाही."

तिचं माहेर फलटणचं. तिथेही उभ्याच्या गौरी. पण गौरी सगळ्यांकडे एकाच दिवशी येतात आणि एकाच दिवशी जातात. जिच्या सासरी गौरी बसतात तिला माहेरची गौर दिसत नाही. एकोणतीस वर्षांत तिने तिच्या आईच्या गौरी एकदाही पाहिल्या नव्हत्या. मी मात्र दर वर्षी माझ्या आईच्या गौरी बघत होते, कारण माझ्या सासरच्या गौरी थोरल्या जाऊबाईंकडे बसतात आणि मला मोकळीक असते. माझं माहेरपण वहिनीच्या हातचं होतं. तिला माहेरपण द्यायचं तर ते मीच देऊ शकत होते, आणि त्यासाठी मला माहेरवाशीण म्हणून येणं थांबवावं लागणार होतं.

2025

गौरींचं आवाहन 31 ऑगस्टला रविवारी आलं, हे मोठंच नशीब. मी शुक्रवारी रात्रीच वाईला पोचले.

दादाकडे भाजी आणि वाणसामान पूर्ण सोपवलं होतं. पूर्ण म्हणजे काय लागेल हे त्यानेच आठवायचं, विचारायला यायचं नाही. त्याने दोन दिवस आधी बाजाराचा फेरा मारला नाही, पूजनाच्या दिवशी सकाळीच गेला आणि सोळाऐवजी अकरा भाज्या घेऊन आला. वहिनी पिशवी बघून उभीच राहिली. तिच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं; पूर्वी ती स्वतः चप्पल घालून निघाली असती. ती माजघरात परत गेली. आईने अकरा भाज्या निवडल्या आणि त्याच शिजल्या. दादाने पुढच्या वर्षासाठी भाज्यांची नावं स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवली, हे मी पाहिलं.

नैवेद्याचं पुरण पुतण्याने घाटलं. पहाटे आंघोळ करून, आजीचं धाबळीचं सोवळं नेसून. पुरण उडून त्याच्या मनगटावर भाजलं आणि त्याने पहिल्यांदा विचारलं, "आईला दर वर्षी असं भाजतं?" तिच्या उजव्या हातावर तशा तीन खुणा आहेत. नैवेद्याच्या पाच पोळ्या मी लाटल्या. पंगतीच्या पोळ्या गल्लीतल्या बचत गटाकडून आणल्या, तीस रुपयाला एक. पंगत पंधरा माणसांची. माझ्या सासरच्यांना मीच सांगितलं होतं की यंदा दर्शनाला या, जेवण पुण्यात माझ्याकडे दसऱ्याला.

हळदीकुंकू पाच ते साडेसात, दूध आणि पेढा. बशा नाहीत. एका चुलतीने दारातून निघताना म्हटलं, "यंदा गौरी हलक्यात उरकल्या वाटतं." वहिनीने हसून तिच्या कपाळाला कुंकू लावलं. रात्री मात्र ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. मी एवढं सगळं मांडलं तरी अपराधीपणा गेला असं खोटं लिहिणार नाही. वर्षानुवर्षं घरच्या बाईची लायकी तिच्या ताटातल्या पदार्थांवरून मोजली गेली आहे. एका वर्षात ती मोजपट्टी तिच्या स्वतःच्या मनातूनही निघत नाही. तिला बरं वाटलं ते आईच्या बोलण्याने. आई चुलतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली होती, "मीच सांगितलं. माझ्या गौरी आहेत."

आवाहनाच्या दिवशी वहिनीने गौरी नेसवायला अडीच तास घेतले. दार लोटून घेतलं होतं. मी एकदा चहा द्यायला गेले तेव्हा ती धाकटीच्या पदराला टाचणी लावत तिच्याशी काहीतरी बोलत होती, आणि मी चहा बाहेरच ठेवून आले. मग तिने उंबऱ्यापासून पावलं काढली आणि मुखवटे ताटात घेऊन घरभर फिरली. प्रत्येक खोलीत आम्ही विचारायचं, गौर कशाच्या पावलांनी आली, आणि तिने सांगायचं, सोन्यामोत्यांच्या पावलांनी. फडताळापाशी, तिजोरीपाशी, पुतण्याच्या लॅपटॉपपाशीही.

जागराला आठ बाया आल्या. बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. फुगडी दोन फेऱ्यांवर थांबली कारण गुडघे. झिम्मा मात्र तासभर चालला. वहिनीचा आवाज एवढा खुला आहे हे मला लग्नाच्या वेळीच माहीत होतं, मी विसरले होते. साडेअकराला सगळ्या घरी गेल्या. भांडी दादा आणि पुतण्याने आधीच घासून पालथी घातली होती.

फलटण

2 सप्टेंबरला, मंगळवारी सकाळी सातच्या एसटीने वहिनी फलटणला गेली. दोरे तिने आदल्या रात्रीच करून ठेवले होते. महिलांना 17 मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. तिने पहिल्यांदाच ते माहेरी जायला वापरलं. मूळ नक्षत्र रात्रीपर्यंत होतं, त्यामुळे आमचं विसर्जन संध्याकाळी करता येत होतं.

निघताना तिने मला काय काय करायचं ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी डायरी दाखवली.

संध्याकाळी मी आईबरोबर गौरींवर अक्षता टाकल्या आणि मुखवटे हलवले. गणपती पुतण्याने डोक्यावर घेतला. धोम धरणातून पाणी सोडलेलं होतं, कृष्णा घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत आली होती. आम्ही कडेच्या विसर्जन कुंडात गणपती सोडला आणि ओंजळभर ओली वाळू घेऊन आलो. ती वाळू घराच्या कोपऱ्यांत टाकायची असते. आईने ती तबकात झाकून ठेवली, "तिला येऊ दे" म्हणून.

वहिनी रात्री साडेनऊला आली. फलटणमध्ये काय झालं ते तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. तिची आई आता फार ऐकू येत नाही अशी, तिने लेकीला दारात ओळखलं आणि आधी विचारलं, "घरी गौरी नाहीत का?" तिला वाटलं, काही अशुभ घडलं. वहिनीने तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की गौरी आहेत, नणंद आहे, मी आले. माहेरच्या गौरींना जुनी हिरवी पैठणी होती, वहिनीच्या लहानपणचीच. ती त्यांच्यासमोर पाटावर बसली ती दुपारी नैवेद्य होईपर्यंत.

मग ती स्वयंपाकघरात गेली तर भावजय एकटी खीर, पोळ्या, भात, भजी करत होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले. "मला तिच्या जागी मीच दिसले ताई," वहिनी म्हणाली. तिने पदर खोचला आणि भावजयीला बाहेर काढलं: जा, गौरींसमोर बस, मी भात बघते. भावजय आधी जाईना. माहेरवाशिणीने काम करायचं नसतं, लोक काय म्हणतील. वहिनीने तिला हाताला धरून बाहेर नेलं आणि पाटावर बसवलं. दीड तास. त्या दीड तासात भजी वहिनीने तळली आणि तिला जराही जड गेलं नाही, असं ती म्हणाली. मी तिला विचारलं, मग माहेरपण काय झालं? तिला तो प्रश्न कळलाच नाही.

तबकातली वाळू तिने रात्री दहाला घरभर टाकली. हातात माहेरचा सोळा पदरी दोरा होता. आमच्या दोऱ्याच्या शेजारी तिने तोही बांधला.

पुढचं सगळं जमलं असं नाही. आईने नवरात्रात पुन्हा पाच लाडवांचा विषय काढला. पतसंस्थेत आवाहनाच्या दिवसाची रजा अजून मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी रविवार असणार नाही. दिवाळीचं तर काहीच ठरलेलं नव्हतं. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं आणि 10 तारखेपर्यंत घरात भाजणीसुद्धा नव्हती. वहिनीने चकल्या विकत आणल्या, करंज्या गल्लीतल्या चौघींबरोबर आळीपाळीने एकेकीच्या घरी बसून केल्या, आणि अनारसे करणार नाही असं सरळ सांगितलं. अनारसे दादाची हौस. त्याने दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरगुती फराळ करणाऱ्या एका बाईंकडून तो अर्धा किलो घेऊन आला. किती आणू, असं त्याने कोणाला विचारलं नव्हतं.